स्टोरेजचा हेल्थ चेक लावला आणि पॉड रीस्टार्ट व्हायला लागले

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. ॲप कुबरनेटिसवर (ॲपच्या प्रती चालवणारी, सांभाळणारी व्यवस्था; अशी एक प्रत म्हणजे पॉड) चालतंय, फाइली ॲझ्युर ब्लॉब स्टोरेजमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधल्या साठ्यात जातात. स्टोरेज चालू आहे की नाही हे ॲपने स्वतःच तपासावं असं ठरलं, म्हणून हेल्थ चेक, म्हणजे स्टोरेजला विचारून हो-नाही सांगणारा छोटा कोड, जोडला. काही दिवस सगळं ठीक. मग एका दुपारी सगळे पॉड एकदम रीस्टार्ट झाले, साइट थोडा वेळ बंद पडली आणि नंतर आपोआप सुरळीत झाली. स्टोरेजच्या स्टेटस पेजवर मात्र सगळं हिरवं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी वैतागून कुणीतरी चेकच काढून टाकतं, आणि मग खरोखर अपलोड बंद पडतात तेव्हा ती बातमी ग्राहकाच्या फोनवरून कळते.

दुसरी तक्रार बरोबर उलटी: चेक हिरवागार, आणि अपलोड तासभर अडकलेले.

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. चेक जो प्रश्न विचारतो त्याचा ॲपच्या खऱ्या कामाशी मेळ नसतो, किंवा त्याचं उत्तर अशा ठिकाणी पोचतं जिथे त्यावर करण्यासारखं काहीच नसतं. मी खाली एएसपी डॉट नेट कोअर (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) आणि ॲझ्युर ब्लॉब धरून लिहितोय, कारण हीच जोडी माझ्यासमोर सगळ्यात जास्त येते. ॲमेझॉनच्या एस३ किंवा गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आधी बघा, पॉड मारतंय कोण

चेकच्या कोडला हात लावण्याआधी क्यूबसीटीएल डिस्क्राइब पॉड ही कमांड चालवा आणि तळाशी आलेल्या इव्हेंट्स नीट वाचा. ‘लाइव्हनेस प्रोब फेल्ड: एचटीटीपी प्रोब फेल्ड विथ स्टेटसकोड: ५०३’ अशी ओळ आणि तिच्या मागोमाग कंटेनर रीस्टार्ट होणार असल्याची ओळ दिसली, तर पॉड कुबलेटने (मशीनवरचे पॉड सांभाळणारा कुबरनेटिसचा प्रोग्राम; तो ॲपला ठरावीक वेळाने जी विचारणा करतो ती प्रोब) बंद केलाय, आणि तोही तुमच्याच चेकच्या सांगण्यावरून. ५०३ च्या जागी ‘कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड’ असं काही असेल, तर चेकने नकार दिलेला नाही, वेळेत उत्तरच दिलेलं नाही. त्याचा इलाज वेगळा आहे, पुढे येतोच.

‘लास्ट स्टेट’मध्ये एक्झिट कोड १३७ दिसला की बरेच जण मेमरीची मर्यादा वाढवायला धावतात. १३७ म्हणजे प्रोसेसला सिगकिल (जबरदस्तीने बंद करण्याचा सिग्नल) गेला, एवढंच. मेमरी संपली असेल तर कारणाच्या जागी ‘ओओएमकिल्ड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते नसेल आणि इव्हेंट्समध्ये लाइव्हनेसची ओळ असेल, तर थांबण्याचा निरोप मिळूनही ॲप ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सहसा ३० सेकंदांत, थांबलं नाही म्हणून ते जबरदस्तीने बंद केलं गेलं. मेमरी वाढवून त्यात काही फरक पडणार नाही.

रीस्टार्टचा आकडा वाढत नसेल, पण ‘रेडी’च्या रकान्यात ०/१ दिसत असेल, तर ते रेडीनेस प्रोबचं काम. पॉड जिवंत आहे, फक्त त्याच्याकडे ट्रॅफिक पाठवणं थांबवलंय.

लाइव्हनेसमध्ये स्टोरेज नको

लाइव्हनेस प्रोब नापास झाला की कुबरनेटिसकडे एकच इलाज असतो: कंटेनर बंद करून पुन्हा चालू करणं. म्हणून तिथे रीस्टार्टने सुधारेल तेवढंच तपासायचं. डेडलॉक झालेली प्रोसेस, थ्रेड पूल पार अडकून पडलेलं ॲप, अशा गोष्टी. स्टोरेज हळू झालं असेल तर तुमचा पॉड कितीही वेळा चालू-बंद केला तरी त्याला वेग येणार नाही. सोसायटीच्या टाकीतच पाणी नसताना घरोघरचे नळ बदलत बसण्यासारखं आहे ते.

आकडे लावून पाहिलं की यातला धोका लक्षात येतो. प्रोबमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर दर १० सेकंदांनी विचारणा होते, उत्तराची वाट फक्त १ सेकंद पाहिली जाते आणि सलग ३ वेळा नापास झालं की कारवाई होते. म्हणजे स्टोरेज जेमतेम अर्धा मिनिट रेंगाळलं तरी पुरे. त्यात तुमचे सगळे पॉड एकाच स्टोरेज खात्याला विचारतात, त्यामुळे नापासही सगळे एकाच अर्ध्या मिनिटात होतात. एक पडला आणि बाकीच्यांनी सांभाळून घेतलं, असं इथे होतच नाही. आणि रीस्टार्ट पुन्हा पुन्हा व्हायला लागले की क्रॅशलूपबॅकऑफ सुरू होतो: आधी १० सेकंद थांबा, मग २०, मग ४०, असं दुप्पट होत होत ५ मिनिटांपर्यंत. स्टोरेज मधल्या मधे सावरलेलं असतं, पण तुमचे पॉड आपापला थांबा संपायची वाट बघत बसलेले असतात. स्टेटस पेज हिरवं आणि साइट बंद, हे कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं.

जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कच्या दस्तऐवजात तर हे सरळ लिहूनच ठेवलंय की लाइव्हनेस बाहेरच्या सिस्टिमवर अवलंबून ठेवू नका. तिथे २.३ आवृत्तीपासून लाइव्हनेस आणि रेडीनेस असे दोन वेगळे गट मिळतात, आणि स्टोरेज-डेटाबेसचे चेक त्यांत आपोआप घुसत नाहीत.

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये हेल्थ चेक २.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या डिसेंबरपासून अंगभूत आहेत, पण ही विभागणी आपली आपल्याला करावी लागते. ब्लॉबचा चेक नोंदवताना त्याला ‘स्टोरेज’ असा टॅग द्या. मॅपहेल्थचेक्स (चेकला वेब पत्ता देणारी ओळ) एकदाच लिहून सगळ्या प्रोबना तोच पत्ता देण्याऐवजी लाइव्हनेसचा पत्ता वेगळा, रेडीनेसचा वेगळा आणि माणसांनी व मॉनिटरिंगने बघायचा तिसरा ठेवा. लाइव्हनेसच्या पत्त्यावर प्रेडिकेट, म्हणजे चेक निवडण्याची अट, असं द्या की एकही चेक निवडला जाणार नाही. चेकच नसला की उत्तर ‘हेल्दी’ येतं. प्रोसेस जिवंत आहे आणि एचटीटीपीला उत्तर देतेय, एवढं त्यातून कळतं, आणि लाइव्हनेसला तेवढंच हवं असतं.

या सोयीला एक दुसरी बाजू आहे आणि ती फार जणांना नडते. नोंदणी करताना टॅग लिहिला ‘स्टोरेज’ आणि प्रेडिकेटमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर शून्य चेक निवडले जातात आणि तो पत्ता कायमचा हिरवा राहतो. स्टोरेज जळून खाक झालं तरी हिरवा. बिल्ड मोडत नाही, लॉगमध्ये काही येत नाही. मूळ उत्तरात फक्त ‘हेल्दी’ हा एकच शब्द असतो, त्यामुळे नुसतं ब्राउझरमध्ये बघून हे लक्षात येणंच शक्य नाही. म्हणून तिसऱ्या पत्त्यासाठी रिस्पॉन्स रायटर लिहा: प्रत्येक चेकचं नाव, स्थिती आणि लागलेला वेळ जेसनमध्ये द्या. यादीत ‘ब्लॉब’ दिसला नाही तर चेक चालतच नाहीये. मात्र हा पत्ता बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका, आणि एक्सेप्शनचा पूर्ण मजकूर तर त्यात मुळीच टाकू नका. त्यात स्टोरेज खात्याचं नाव, अंतर्गत पत्ते, कधीकधी त्याहून नाजूक गोष्टी असतात.

मग रेडीनेसमध्ये तरी टाकावा का?

इथे ॲप काय करतं ते आधी नीट बघायला लागतं. समजा विम्याच्या दाव्यांचं ॲप आहे. दाव्याची स्थिती दाखवणं डेटाबेसवर चालतं, कागदपत्रं चढवणं स्टोरेजवर. स्टोरेज बंद असताना रेडीनेस नापास केला तर सगळे पॉड एकदम बाहेर जातील, आणि ज्याला फक्त आपला दावा कुठवर आला हे बघायचंय त्यालाही इन्ग्रेसचं (बाहेरचं ट्रॅफिक आत घेणारं दार) कोरं ५०३ पान दिसेल. स्टोरेज बंद पडलं होतं. पूर्ण सेवा बंद पाडली ती आपण.

एएसपी डॉट नेट कोअरमध्ये यासाठी हेल्दी आणि अनहेल्दी यांच्या मधली ‘डिग्रेडेड’ ही स्थिती आहे, आणि ती दुर्लक्षित राहते याचं मला खरंच वाईट वाटतं. नोंदणी करतानाच फेल्युअरस्टेटस म्हणून डिग्रेडेड सांगता येतं. डिग्रेडेड असलं तरी एचटीटीपी कोड २०० च जातो, त्यामुळे प्रोब पास होतो, पण जेसनमध्ये आणि मॉनिटरिंगमध्ये बिघाड दिसतो. ॲपच्या आतही ही स्थिती वापरा: अपलोडचं बटण बंद करा आणि ‘कागदपत्रं सध्या स्वीकारता येत नाहीत, दाव्याची स्थिती पाहता येईल’ असं स्पष्ट लिहा.

याउलट, ज्या वर्करचं कामच ब्लॉबमधून फाइल उचलून प्रोसेस करणं आहे, त्याच्याजवळ स्टोरेजशिवाय करण्यासारखं काही नाही. पण त्याच्याकडे सहसा बाहेरून ट्रॅफिक येतच नाही, त्यामुळे तिथे रेडीनेसनेही फारसं काही साधत नाही. त्याने रांगेतून नवं काम उचलणं थांबवलं पाहिजे. ते कोडमध्येच करावं लागतं.

चेक लाल, अपलोड मात्र चालू: परवानगीचा घोळ

लॉगमध्ये ४०३ (परवानगी नाही) दिसतोय आणि वापरणाऱ्यांचं काम बिनबोभाट चाललंय, तर चेक अशी काहीतरी गोष्ट मागतोय जी ॲपला कधी लागतच नाही.

ॲझ्युरमध्ये हे हमखास घडतं. ॲपच्या मॅनेज्ड आयडेंटिटीला (ॲझ्युरने ॲपला दिलेली, पासवर्डशिवायची ओळख) ‘स्टोरेज ब्लॉब डेटा काँट्रिब्युटर’ हा रोल दिलेला असतो. फाइली वाचायला, लिहायला, पुसायला तो पुरतो. पण चेक जर ब्लॉब सेवेचे एकंदर गुणधर्म विचारत असेल, तर ते या रोलमध्ये बसत नाही आणि ४०३ येतो. मग खात्यातल्या कंटेनरांची (इथे कंटेनर म्हणजे ब्लॉब ठेवायचा कप्पा, पॉडमधला कंटेनर नव्हे) यादी मागावी, तर ती खात्याच्या पातळीवर रोल असेल तरच मिळते. रोल फक्त एका कंटेनरपुरता दिला असेल, आणि तसाच द्यावा, तर यादीही नाकारली जाते. बसतं ते एकच: ज्या कंटेनरमध्ये ॲप खरोखर लिहितं त्याच कंटेनरचे गुणधर्म विचारणं. तयार पॅकेज वापरत असाल तर तुमच्या आवृत्तीतला चेक आतून नक्की कोणती विनंती पाठवतो हे सोर्समध्ये उघडून बघा, आणि कंटेनरचं नाव देण्याची सोय असेल तर ते द्याच. नसेल तर आयहेल्थचेकचा दहा-पंधरा ओळींचा स्वतःचा क्लास लिहिणं मला जास्त पसंत आहे. चेक लाल दिसतो म्हणून ॲपचा रोल वाढवून देणं हा इलाज नव्हे. तपासणीच्या सोयीसाठी उत्पादनातल्या ॲपला जास्तीचे अधिकार देऊन बसाल.

४०३ मध्येही दोन जाती आहेत, आणि आकड्यावर न थांबता एररकोड वाचला तर अर्धा दिवस वाचतो. ‘ऑथरायझेशनपरमिशनमिसमॅच’ म्हणजे ओळख पटली, पण रोल नाही. ‘ऑथरायझेशनफेल्युअर’ आलं तर आधी नेटवर्क तपासा: स्टोरेज खात्याच्या फायरवॉलने तुमचा पत्ता अडवलेला असण्याची शक्यता मोठी. प्रायव्हेट एंडपॉइंट लावला असेल तर पॉडच्या आत शिरून खात्याचं नाव कोणत्या आयपीला जातंय ते बघा. खासगी पत्त्याऐवजी सार्वजनिक पत्ता आला, तर डीएनएस झोन त्या नेटवर्कला जोडायचा राहिलाय, आणि सार्वजनिक दार बंद असल्यामुळे ४०३ मिळतोय. रोलशी त्याचा काही संबंध नाही.

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’ याचंही उत्तर इथेच आहे. डिफॉल्टॲझ्युरक्रेडेन्शियल लॅपटॉपवर तुमच्या स्वतःच्या लॉगिनने आत जातं, पॉडमध्ये मॅनेज्ड आयडेंटिटीने. दोन वेगळ्या ओळखी, दोन वेगळे रोल. तपासणी पॉडमधूनच करा. आणि सबस्क्रिप्शनचा ‘ओनर’ असणं म्हणजे ब्लॉब वाचायची परवानगी असणं नव्हे. एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची लॉगिन सेवा) ओळखीने डेटापर्यंत जायचं तर डेटाचा रोल वेगळा लागतो. रोल दिल्यावर तो लागू व्हायला १० मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो, तेवढा धीर धरा.

एस३ मध्ये याच जातीचा घोळ थोड्या वेगळ्या रूपात भेटतो. सगळ्या बकेटांची (एस३ मधले कप्पे) यादी मागणारा चेक लिहिला तर ‘लिस्टऑलमायबकेट्स’ ही परवानगी लागते, जी ॲपला देण्याचं काही कारण नाही. हेडबकेट (बकेट आहे का एवढंच विचारणं) त्याहून बरं, पण त्याला ‘लिस्टबकेट’ लागते, आणि हेड विनंतीच्या उत्तराला मजकूरच नसल्याने ४०३ का आला ते कळत नाही. नुसता आकडा हाती येतो. एखाद्या ठरावीक छोट्या ऑब्जेक्टवर हेड मारणं मला सगळ्यात सरळ वाटतं. तिथेही एक लक्षात ठेवा: ऑब्जेक्ट अस्तित्वातच नसेल आणि ‘लिस्टबकेट’ परवानगीही नसेल, तर एस३ ४०४ न देता ४०३ देतं. म्हणजे ती छोटी फाइल कुणी साफसफाईत उडवली, तर तुम्ही परवानग्या शोधत बसाल. ४०३ अचानक, कुणी काही न बदलता आला असेल तर मशीनचं घड्याळही बघा. १५ मिनिटांहून जास्त फरक असला की एस३ विनंती नाकारतं.

गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये पायथनचं ‘गेट बकेट’ बकेटची माहिती मागायला खरोखर विनंती पाठवतं, आणि त्याला जी परवानगी लागते ती ‘स्टोरेज ऑब्जेक्ट ॲडमिन’ या रोलमध्येही नाही. नुसतं ‘बकेट’ वापरलं की विनंती जातच नाही, फक्त संदर्भ तयार होतो. चेकमध्ये दुसरं वापरा आणि त्यावरून एखादा ऑब्जेक्ट विचारा.

टाइमआउट आतून बाहेर मोठे होत गेले पाहिजेत

आता ‘कॉन्टेक्स्ट डेडलाइन एक्सीडेड’वाल्यांकडे वळू. इथे तीन घड्याळं एकाच वेळी चालतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

सगळ्यात बाहेर कुबलेटचं: १ सेकंद. त्याच्या आत एएसपी डॉट नेट कोअरच्या चेकचं: काही सांगितलं नसेल तर मुदतच नाही. सगळ्यात आत एसडीकेचं (स्टोरेजशी बोलणारी तयार लायब्ररी): ते अपयश आलं की आपणहून पुन्हा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबून. ॲझ्युर एसडीकेच्या मूळ गाभ्यात एका प्रयत्नाची नेटवर्क मुदत १०० सेकंद धरलेली आहे. एस३ साठीच्या पायथनच्या बोटो३ लायब्ररीत जोडणीसाठी ६० आणि वाचनासाठी ६० सेकंद, आणि एकूण ५ प्रयत्न. मोठ्या फाइली चढवताना हे आकडे योग्यच आहेत. एका सेकंदात हो-नाही सांगायचंय तिथे ते सपशेल चुकीचे ठरतात. कुबलेट कंटाळून निघून गेलेला असतो आणि आत एसडीके दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करत असतो. दहा सेकंदांनी पुढचा प्रोब येतो, तो आणखी एक विनंती सुरू करतो. स्टोरेज आधीच दमलेलं, त्यावर आपल्याच चेकच्या विनंत्यांचा ढीग.

उपाय असा. चेकसाठी ब्लॉब क्लायंट वेगळा ठेवा, पुन्हा प्रयत्नांची संख्या शून्य, नेटवर्क मुदत २ सेकंद. चेकच्या नोंदणीत टाइमआउट ३ सेकंद. प्रोबमध्ये टाइमआउटसेकंड्स ५. आतली मुदत नेहमी बाहेरच्यापेक्षा लहान, म्हणजे चेकला आपलं ‘नाही’ सांगायला वेळ मिळतो आणि लॉगमध्ये खरं कारण उमटतं.

दोन गोष्टी या जागी हमखास राहून जातात. एक, कॅन्सलेशन टोकन, म्हणजे ‘आता थांब’ हा निरोप. प्रोबने जोडणी तोडली किंवा चेकची मुदत संपली की फ्रेमवर्क ते टोकन रद्द करतं, पण तुमच्या क्लासमध्ये ते गेटप्रॉपर्टीजअसिंकला पुढे दिलंच नसेल तर आतली विनंती तशीच चालू राहते. दोन, दर चेकला नवा क्लायंट आणि नवं क्रेडेन्शियल तयार करणं. त्यात दर वेळी लॉगिनचं टोकन नव्याने मागावं लागतं, आणि तेवढ्यात तो एक सेकंद संपतो. दोन्ही सिंगलटन म्हणून (पूर्ण ॲपभर एकच प्रत) नोंदवा. पहिली विनंती तरीही थोडी हळूच जाणार, कारण टोकन, डीएनएस, टीएलएस सगळं एकदम होतं. डिप्लॉय झाल्या झाल्या एकदा लाल आणि मग कायम हिरवं, असं दिसत असेल तर कारण बहुधा हेच. त्यासाठी, ॲप उभं राहीपर्यंत बाकीचे प्रोब थांबवून ठेवणारा, स्टार्टअप प्रोब आहे.

प्रत्येक प्रोबला स्टोरेजचं दार ठोठावू नका

दर १० सेकंदांनी म्हणजे एका पॉडमागे दिवसाला ८,६४० विनंत्या. ३० पॉड असतील तर २,५९,२००. एस३ च्या अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या रीजनचा दर धरला, यादीसाठी हजारामागे ०.००५ डॉलर, तर यादी मागणाऱ्या चेकचे महिन्याला ३९ डॉलरच्या आसपास होतात. हेड विनंतीचा दर हजारामागे ०.०००४ डॉलर, म्हणजे तेच काम साधारण ३ डॉलरमध्ये. पैसे फार नाहीत, पण एका हो-नाहीसाठी यादी मागण्यात अर्थ नाही, आणि त्या सगळ्या विनंत्या स्टोरेजच्या लॉगमध्ये खऱ्या वापरासोबत मिसळतात ते वेगळंच.

चेक पार्श्वभूमीला चालवा. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये हेल्थचेकपब्लिशर हे करतो: सुरुवातीला ५ सेकंद थांबतो, मग दर ३० सेकंदांनी चेक चालवून निकाल तुमच्या हाती देतो. तो निकाल मेमरीत कुठे ठेवायचा आणि पत्त्यावरून तोच कसा वाचायचा, हे मात्र तुम्हालाच लिहावं लागतं. पब्लिशर लावला म्हणून मॅपहेल्थचेक्स जुना निकाल वापरेल असं नाही, तो दर वेळी चेक नव्याने चालवतोच.

निकालासोबत त्याची वेळ ठेवायला विसरू नका. पार्श्वभूमीची लूप एखाद्या न पकडलेल्या एक्सेप्शनने मेली, तर शेवटचा हिरवा निकाल तसाच मेमरीत पडून राहतो. दोन मिनिटांपेक्षा जुना निकाल असेल तर तो डिग्रेडेड समजा, त्यात काहीही लिहिलेलं असो. आणि एका अपयशावर स्थिती बदलू नका. सलग तीन झाली की बदला. एखाद-दुसरी विनंती हरवणं हा क्लाउडमधला रोजचा व्यवहार आहे.

चेक हिरवा, अपलोड बंद

ही तक्रार जास्त गंभीर, कारण ती उशिरा कळते.

पहिलं कारण: ॲप लिहितं आणि चेक वाचतो. रोल कुणी ‘रीडर’ करून ठेवला, एसएएस टोकनमधून (ठरावीक हक्क देणारी सही केलेली किल्ली) लिहिण्याचा हक्क गेला, कंटेनरवर इम्युटेबिलिटी (फाइल बदलू न देणारं) धोरण लागलं, तरी वाचणारा चेक पासच होणार. दुसरं कारण अधिक फसवं आहे. खातं दुय्यम रीजनमधून वाचता येण्याजोगं असेल आणि क्लायंटमध्ये जिओरिडंडंटसेकंडरीयूआरआय दिलेला असेल, तर मुख्य रीजनमधून उत्तर आलं नाही की वाचनाची पुढची खेप आपोआप दुय्यम रीजनकडे जाते. पुण्यातलं सेंट्रल इंडिया बंद असूनही तुमचा चेक चेन्नईतल्या साउथ इंडियाकडून उत्तर आणतो आणि हिरवा होतो. लिहिणं मात्र मुख्य रीजनमध्येच होतं, म्हणून अपलोड बंद. चेकच्या क्लायंटमध्ये हा दुय्यम पत्ता देऊ नका. वर सांगितलेली ‘पुन्हा प्रयत्न शून्य’ ही अट इथेही कामाला येते.

तिसरं कारण ऐकायला क्षुल्लक आहे: चेकचं कॉन्फिगरेशन वेगळं आणि ॲपचं वेगळं. चेक स्टेजिंगच्या कंटेनरला विचारतो, ॲप प्रॉडक्शनमध्ये लिहितं. कंटेनरचं नाव दोघांनी एकाच सेटिंगमधून उचललं पाहिजे.

मग लिहूनच बघावं का? बघता येतं, पण जपून. दर वेळी नव्या नावाची फाइल नको, एकाच ठरलेल्या नावावर पुन्हा पुन्हा लिहा. सॉफ्ट डिलीट किंवा व्हर्जनिंग चालू असेल तर त्या प्रत्येक लिहिण्याची जुनी प्रत मागे साठते, तिच्यासाठी लाइफसायकल नियम लावा. कंटेनरवर ट्रिगर असेल, म्हणजे नवा ब्लॉब आला की थंबनेल बनवणारं किंवा व्हायरस तपासणारं फंक्शन धावत असेल, तर ते चेकच्या फाइलवरही धावेल. चेकची फाइल वेगळ्या प्रीफिक्सखाली ठेवा आणि ट्रिगरच्या फिल्टरमधून तो प्रीफिक्स वगळा. असा चेक प्रत्येक पॉडमधून नको. संपूर्ण ॲपसाठी एका जागेवरून दर पाच मिनिटांनी पुरे.

माझं मत विचाराल तर याहून चांगला पुरावा तुमच्याकडे आधीच असतो: खरे अपलोड. ॲपमध्ये प्रत्येक अपलोडचं यश-अपयश मोजा आणि गेल्या काही मिनिटांतलं प्रमाण हाच चेकचा निकाल करा. परवानगी, नेटवर्क, मुदत, टोकन, सगळं त्यात आपोआप तपासलं जातं, कारण ते नेमकं तेच काम आहे. रात्री तीन वाजता कुणी अपलोड करत नसेल तेव्हा मोजायला काही नसतं. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, लिहिणारा चेक चालवा. ही मांडणी थोडी जास्त मेहनतीची आहे, पण ज्या टीमनी ती केली त्यांच्याकडून या विषयावर पुन्हा फोन आलेला मला आठवत नाही.

अलर्ट कुठून जातो तेही बघा

२८ फेब्रुवारी २०१७ ला एस३ च्या उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये बिलिंगच्या सिस्टिममधली एक अडचण शोधताना चुकीच्या इनपुटसह दिलेल्या कमांडने ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले, आणि पुढचे चार-एक तास एस३ विस्कळित होतं. त्या दिवशी ॲमेझॉनच्या स्वतःच्या स्टेटस डॅशबोर्डवरची माहितीही सुरुवातीला बदलता येत नव्हती, कारण तो बदलण्याचं साधन एस३ वरच अवलंबून होतं. हे ॲमेझॉनने आपल्या जाहीर निवेदनातच लिहिलंय. बाहेरच्या स्टेटस पेजवर विसंबून आपला चेक खोटा ठरवण्याआधी हे आठवा. आणि तुमची स्वतःची साखळीही तपासा: अलर्टचा टेम्प्लेट, डॅशबोर्डची कॉन्फिगरेशन फाइल, ‘देखभाल चालू आहे’ हे पान, यांतलं काही त्याच स्टोरेज खात्यात ठेवलेलं नाही ना?

लावण्याआधी मुद्दाम मोडून बघा

स्टेजिंगवर तीन प्रकारे. कंटेनरचं नाव चुकीचं द्या: ४०४ आला पाहिजे (रोल एकाच कंटेनरपुरता असेल तर ४०३), स्थिती डिग्रेडेड, रीस्टार्टचा आकडा जागच्या जागी. मग आयडेंटिटीचा रोल काढा: ४०३, बाकी तेच. शेवटी नेटवर्क पॉलिसीने पॉडमधून बाहेर जाणारा ४४३ पोर्ट अडवा: इथे टाइमआउटची शिडी बरोबर चालते का ते दिसेल. नेटवर्क पॉलिसी आधीच जोडलेली कनेक्शन तोडेलच असं नाही, ते क्लस्टरच्या नेटवर्क प्लगिनवर ठरतं, म्हणून लगेच काही झालं नाही तर नवा पॉड उभा करून त्यात बघा. तिन्ही वेळा ब्राउझरमधून ॲप उघडा: दाव्याची स्थिती दिसली पाहिजे, अपलोडच्या जागी सूचना आली पाहिजे, आणि अलर्ट ज्याला जायचा त्याच्या फोनवर खरोखर वाजला पाहिजे.

काढलेला रोल परत दिल्यावर चेक लगेच हिरवा होणार नाही. तो लागू व्हायला ती दहा मिनिटं लागू शकतात, त्यात पार्श्वभूमीच्या चेकची पुढची फेरी. तोवर पॉडला हात लावू नका. रीस्टार्ट न करता तो आपणहून हिरवा झाला, तरच ही चाचणी पास.